बापाच्या घरचं बाळंतपण

अण्णा,

मला नववा लागलाय आणि आज सकाळपासून डोकं दुखतंय. घरात अजून कुणाला बोलले नाही. तुम्हाला सांगतेय, कारण तुम्हाला जाऊन आता आठ-नऊ वर्षं झाली आणि तुम्ही काही उठून रिक्षा आणायला पळणार नाही. रात्री झोप झाली नाही त्याचं असेल, ऊन लागलं असेल, चहा उशिरा झाला असेल, अशी कारणं मी सकाळपासून स्वतःला पुरवतेय. शाळेत माझ्या वर्गातली पोरं गृहपाठ न केल्याची देतात ना, तशीच. त्यांची मी ऐकून घेत नाही.

गप्प बसायला निमित्त आहे. गेल्या आठवड्यात पोटात कळा सुरू झाल्या. सासूबाईंनी तव्यावरची भाकरी तशीच टाकली, यांनी हायवेवरचं टायरचं दुकान बंद केलं, शेजारणीनं पोरीला आपल्या घरी नेलं आणि आम्ही दवाखान्यात पोचेपर्यंत कळा गायब. डॉक्टरीणबाई हसून म्हणाल्या, या खोट्या कळा. जरा चाललं, कूस बदलली की थांबतात. खऱ्या थांबत नाहीत, वाढत जातात आणि ठरावीक वेळानं येतात. परत आलो तर अर्धी गल्ली दारात. "काय झालं वो?" "काही नाही." "मग गेलता कशाला?" सासूबाई मला एका शब्दानं बोलल्या नाहीत, पण करपलेला तवा त्यांनी जरा जोरानंच घासला. आता आज पुन्हा डोकं दुखतंय म्हणून सगळ्यांना पळवायचं, म्हणजे लांडगा आला रे आला असं व्हायचं.

बाकीच्या तक्रारींचं म्हणाल तर त्या आता घरातल्या माणसांसारख्या झाल्यात. चपला पायात जात नाहीत, मी यांच्या घालते. दुपारी पाय स्टुलावर ठेवून बसते. पोटभर जेवलं की छातीत जळजळ होते, म्हणून चिमणीसारखं थोडं थोडं खायचं आणि खाल्ल्यावर लगेच आडवं व्हायचं नाही. झोपायचं ते डाव्या कुशीवर, एक उशी गुडघ्यांच्या मध्ये, एक पोटाखाली, एक पाठीला. हे म्हणतात पलंगावर तू आणि उश्या झोपा, मी जातो खाली. पोटरीत गोळा आला की पायाचा अंगठा स्वतःकडं ओढून धरायचा, आणि तो आपल्याला आपला पोचत नाही, म्हणून पोरीला हाक मारायची. उठताना सरळ उठायचं नाही, आधी कुशीवर वळायचं, मग हातावर भार घ्यायचा. पहिल्या वेळी बीपी वाढलं होतं म्हणून डॉक्टरीणबाईंनी मला वेगळं बसवून सांगितलंय : डोकं दुखलं, डोळ्यांपुढं अंधारी आली, तोंड सुजलं, छातीखाली पोटात दुखलं, बाळाचं हलणं कमी झालं, तर वाट बघायची नाही, निघून यायचं. मी सगळं ऐकून घेतलं, मान हलवली. ऐकण्यात मी पहिल्यापासून हुशार, तुम्हाला माहीत आहे. अडतं ते बोलण्यात.

पहिल्या वेळी मी तुमच्याकडं आले होते. लेकीचं पहिलं बाळंतपण माहेरी, असा शिरस्ता. पण माझं माहेर म्हणजे तुम्ही एकटे. आई त्याच्या दोन वर्षं आधी गेलेली. परंड्याजवळच्या आपल्या त्या दोन खोल्या, दारात वाळूचा ढीग, कोपऱ्यात तुमच्या गवंडीकामाची थापी आणि ओळंबा ठेवलेली पाटी, आणि दिवसभर घरात कुणी नाही. मी येऊन टेकते न टेकते तोच तेरखेड्याहून आत्या आल्या. पाणीसुद्धा घेतलं नाही.

"बाप्या माणसानं लेकीचं बाळंतपण करायचं? कुठं ऐकलंय का? लोकं त्वांडात शेण घालत्याल. पोरीला माझ्याकडं धाड."

तुम्ही तंबाखू मळत होता. "तुझ्या गावात फटाक्याची दारू वाळत घालत्यात. तिथं गरवार पोरगी ठिवू व्हय?"

"तुला ह्यातलं काय कळतंय?"

"काय न्हाय कळत. पर म्हायार तिचं हितं हाय."

आत्या वाईट नव्हत्या. त्यांना खरंच काळजी होती. पण जाताना दारात थांबून त्या म्हणाल्या, "जरा काय इपरित दिसलं की म्या पोरीला उचलून न्हेणार बघ. मग आडवा येऊ नगंस." मी आतल्या खोलीत झोपलेय असं तुम्हा दोघांना वाटत होतं. मी जागी होते.

तुम्ही मला कधी विचारलं नाहीत, काय दुखतंय. विचारणार तरी कसे? बाप-लेकीनं पोटाचं, पाठीचं बोलायची आपल्यात रीतच नव्हती. तुम्ही नुसतं बघायचात. मी जमिनीवरून उठते कशी, भिंतीला हात कुठं लावते, पायरीला कुठं थांबते, ते कामावर जाता जाता बघायचात आणि संध्याकाळी येताना घमेलंभर माल घेऊन यायचात. एके दिवशी माझ्या बुटक्या खाटेच्या पायांखाली विटा आल्या. उठताना गुडघ्यांची ओरड थांबली. मग दारातली उंच पायरी फोडून तिच्या दोन झाल्या. मग खाली बसून करायचा स्वयंपाक वर आला, माझ्या कोपराच्या उंचीच्या ओट्यावर. मग न्हाणीच्या भिंतीत सळई वाकवून बसवलीत, धरून उठायला. बोललात ते एवढंच, "दोन दिस धरू नगंस. सिमिट वलं हाय. पानी मारत जा." तुमचं काळजीचं बोलणं ते हेच. मी सकाळ-संध्याकाळ तांब्यानं त्या सळईच्या बुडाला पाणी मारायची.

खाण्यात मात्र तुमचा अंदाज साफ चुकायचा. गरोदर बाईला चिंच आवडते एवढं तुम्ही कुठंतरी ऐकलेलं, त्यामुळं कामावरून येताना खिशात चिंचा. मला जळजळीनं जीव नको झालेला, पण तुम्ही इतक्या उत्साहानं देत होता की मी खात होते. भाकरी शेजारच्या काकू थापून द्यायच्या. खिचडी तुम्ही करायचात, तिच्यात मीठ कधी नसायचं, कधी दोनदा असायचं.

सगळ्यात मोठं काम संडासाचं. शेवटी शेवटी बाळ खाली सरकतं, श्वासाला जागा होते, पण लघवी म्हणून धरवत नाही. आपल्याकडं तर शेताची वाट. मी पाणी प्यायचंच कमी केलं आणि काकूंनी ते ओळखलं, तुम्हाला सांगितलं. तुम्ही लोकांचं चालू काम थांबवून परसात संडास बांधायला घेतलात. मला उकिडवं बसवत नव्हतं म्हणून बार्शीहून खुर्चीसारखं भांडं आणलंत; गावातलं पहिलंच, बायका बघायला आल्या. काम पुरं झालं, मी आत गेले, आणि मला वळताच येईना. भिंती जवळ, दार आत उघडणारं. दार लावायचं तर पोट मध्ये, पोट वळवायचं तर दार मध्ये. काकूंना हाक मारली. त्यांनी मला आडवं धरून बाहेर काढलं आणि तिथंच हसत खाली बसल्या. "अवो मिस्त्री, माप कुणाचं घेतलं? सोताचं?" खरंच तुम्ही आत उभं राहून स्वतःचं माप घेतलेलं. तुमचे कान लाल झाले. परंड्यात तुमच्या भिंतीला कुणी नाव ठेवत नव्हतं; गिऱ्हाईक म्हणायचं, मिस्त्रीची भिंत सरळ आहे का बघायला ओळंबा लावायची गरज नाही. त्या संध्याकाळी तुम्ही हातोडी घेऊन आपलीच ओली भिंत पाडलीत आणि दोन वीत सरकवून नवी उभी केलीत. मी खाटेवर बसून बघत होते आणि हसू येत होतं, आणि पोटात पोरगीही ढुशा देत होती.

त्यानंतर थोड्या दिवसांनी माझं डोकं दुखायला लागलं. बांगड्या मनगटात रुतल्या. गावच्या नर्सबाईंनी असं झालं तर लगेच सांग म्हणून बजावलेलं, मला आठवत होतं. मी दिवसभर डोक्याला फडकं आवळून बसायची आणि तुमची सायकल वाजली की सोडून ठेवायची. दोन दिवस असे काढले. तिसऱ्या दिवशी सकाळी चहा घेताना तुम्ही माझ्याकडं बघितलंत, जरा जास्तच वेळ.

"त्वांड कशानं सुजलं?"

"झोपेनं."

"झोपेनं येवढं सुजत न्हाय."

तुम्ही चहा तसाच ठेवलात, टेंपो आणलात, मागं गादी टाकलीत. परंड्याच्या दवाखान्यात बीपी बघितलं आणि त्यांनी तिथूनच गाडीतून बार्शीला पाठवलं. बार्शीत डॉक्टरांनी विचारलं, त्रास कधीपासून? मी म्हटलं, दोन दिवस. तुम्ही दारात उभे होता, डोक्यावरची टोपी हातात. तुमचा चेहरा मला अजून दिसतो. कागदावर अंगठा मागितला तर तुम्ही सही केलीत, चौथीपर्यंत शिकलेले म्हणून, वेळ लावून, एकेक अक्षर. मग ऑपरेशन झालं. पोरगी झाली, लहानखुरी पण चांगली रडणारी, आणि मीही वाचले. डॉक्टर म्हणाले, आणखी एक दिवस गेला असता तर अवघड होतं.

मी उठून बसायला लागले तेव्हा तुम्ही बोललात. तोपर्यंत दोन दिवस नुसतं नातीकडं बघत होता.

"दोन दिस डोस्कं धरून बसलीस?"

मी पोरीचं दुपटं नीट केलं.

"भिताडाला तडा गेला तर मला लांबनं दिसतो. तुझ्या डोस्क्यातलं कसं दिसंल? त्वांडानं बोलाया नगं? काय झालं आसतं तर म्या कुनाला त्वांड दाखिवलं आसतं?"

जन्मात पहिल्यांदा तुम्ही माझ्यावर ओरडलात. शेजारच्या खाटांवरच्या बायका वळून बघायला लागल्या. मी तरी गप्पच. तुम्ही बाहेर गेलात आणि बराच वेळ आला नाहीत. नंतर आत्या आल्या, त्यांनी पोरीला तेल लावलं, मला काय खायचं काय नाही ते सांगितलं, आणि तुम्ही सगळं त्यांच्या हवाली करून बाजूला झालात. त्यानंतर जो भेटेल त्याला तुम्ही एकच सांगायचात, "माय आसती तर पोरगी बोलली आसती. बापापाशी लाजली. बाप शेवटी बापच." जाईपर्यंत सांगत राहिलात. आत्या मान डोलवायच्या.

इथवर लिहिलं आणि मला बसवेना. उठून स्वयंपाकघरात गेले. सासूबाई शेंगा निवडत होत्या. म्हटलं, आई, सकाळपासून डोकं दुखतंय आणि आता डोळ्यांपुढं काजवे चमकतात. त्यांनी सूप खाली ठेवलं, माझं तोंड हातात धरून उजेडाकडं वळवलं.

"सकाळधरनं? आन् आता सांगतीस?"

म्हटलं, गेल्या आठवड्यासारखं खोटं निघालं तर?

"खोटं का खरं ते डॉक्टरीण बघंल. तू कशाला ठरवतीस? तिचा पगार तू घेतीस व्हय?"

बोलता बोलताच त्यांनी यांना फोन लावला. हे दुकानातून रिक्षा घेऊन निघालेत. पिशवी भरलेली आहेच, तपासणीचे कागद वर ठेवलेत. बाळ हलतंय, आत्ताच हाताखाली फिरलं. सासूबाईंनी मला डाव्या कुशीवर पडून राहायला सांगितलंय. पडूनच लिहितेय, अक्षर वाकडं येतंय. हे कागद कुठं पाठवायचे हा प्रश्नच नाही, घडी करून उशीच्या खोळीत राहतील.

पण रिक्षा यायच्या आत एक सांगायचंय. बार्शीत तुम्ही ओरडलात तेव्हा मी का गप्प बसले, ते तुम्ही मनानंच ठरवलंत आणि मी कधी खोडून काढलं नाही. मी लाजले नव्हते, अण्णा. तुमच्यापुढं मला कशाची लाज? डोकं दुखतंय म्हटलं की तुम्ही घाबरणार, आत्यांना कळणार, आणि त्या मला उचलून तेरखेड्याला नेणार, एवढंच डोक्यात होतं. मला तुमच्याकडंच राहायचं होतं.