आशागडच्या पुढे बस

३ फेब्रुवारी, मंगळ.
दिल्लीहून पत्र. विजेच्या बस केंद्राच्या योजनेतून मिळाल्यात, त्या ठरलेल्या हद्दीबाहेर न्यायच्या नाहीत. म्हणजे सायवनची फेरी सोमवारपासून बंद, हद्दीवर आशागडलाच गाडी वळवायची. डहाणूच्या बस-ऑफिसात हे वेळापत्रक मीच बसवलं होतं. आता मोडायचंही मीच.

६ फेब्रु., शुक्र.
नगर परिषदेत मुख्याधिकाऱ्यांना भेटले. "सायवन आमच्या हद्दीत नाही मॅडम. वरून लेखी आणा, लगेच सही करतो." जिल्ह्याला फोन केला. ते म्हणतात, आधी न.प.चा ठराव पाठवा. दिवसभर हेच. घरी आल्यावर बसवेना, उगाच कपाट आवरत राहिले.

९, सोम.
दुपारच्या गाडीने मुद्दाम आशागडला गेले. सायवनची रमिला नवऱ्याला धरून उतरली. डहाणूला आठवड्यातून तीनदा त्याचं डायलिसिस असतं.
"पुढं नाय जात?"
"नाही."
"शुक्रवारी तर गेली!"
सायवनची जीप भरल्याशिवाय सुटेना. तो रस्त्याकडेला डोकं धरून बसला. सव्वा तास. मी नुसती उभी. नंतर पुढच्या फेरीच्या बसने परत आले, याची जास्त लाज वाटली.

१३, शुक्र.
सायवनच्या सरपंचबाई स्वतः ग्रामपंचायतीचा ठराव घेऊन ऑफिसात. "बस देता येत नसेल तर नाही म्हणून लिहून तरी द्या." तेवढाही अधिकार मला नाही.
ड्रायव्हर हरेशभाई सांगत होते, रमिला आणि नवरा आज आलेच नाहीत. डायलिसिस चुकलं म्हणजे...

१६, सोम.
दोघं आज दिसले म्हणे. हुश्श.
दिल्लीचे अधिकारी बुधवारी पाहणीला येणार. आमच्या साहेबांनी बजावलं: स्टेशन ते आशागड बसने, मग कारने नरपडला जेवण. सायवनचा विषय काढायचा नाही.

१८, बुध.
केलं. साहेब नरपडला जेवणाची व्यवस्था बघत होते, बसमध्ये दिल्लीवाल्यांबरोबर मी एकटी. रमिला आणि नवरा मागच्या बाकावर. आशागडला हरेशभाईंनी आरशातून माझ्याकडे पाहिलं.
"चालू द्या."
"ऑर्डर कोणाची, मॅडम?"
"माझी."
चार-पाच किलोमीटर गेल्यावर दिल्लीवाले म्हणाले, "लिमिट तो पीछे रह गई ना?" मी हो म्हटलं. आता गाडी थांबवायला सांगतील असं वाटलं. मागून रमिलाच बोलली, "साहब, जीप में ये बैठ नहीं सकता." त्यांनी वळून पाहिलं. सायवनला उतरले, वहीत बरंच लिहिलं. परतताना एवढंच विचारलं, चार्ज पुरतो का? पुरतो म्हटलं.

१९, गुरु.
साहेबांचा मेमो. तीन दिवसांत खुलासा. हरेशभाईंनाही दिला, ते का? "गाडी तर मीच चालवली ना," म्हणाले आणि हसले. मला हसू आलं नाही. खुलाशात लिहिलं, निर्णय सर्वस्वी माझा.

२३, सोम.
दिल्लीची मेल, एकच ओळ: पुढील आदेशापर्यंत स्थिती कायम ठेवावी. कुठली स्थिती? साहेब म्हणाले, अर्थात आशागड. मुख्याधिकारी म्हणाले, आम्हाला प्रतच नाही.
दोन वाजता हरेशभाईंचा फोन आशागडहून. "मॅडम, सायवनची माणसं उतरत नाहीत. वळवू की नेऊ?"
मी मेल पुन्हा वाचायला घेतली. तेवढ्यात फोनमधून बसचं दार बंद झाल्याचा आवाज आला, मग फोन कट.
साडेतीन वाजलेत, बस एव्हाना सायवनला पोचली असेल. मी अजून उलट फोन केलेला नाही.