जिथून आणला तिथे

ब्रिस्टल, २ जून २०२४

ती. आबांना आसावरीचा शि. सा. न. वि. वि.

फार दिवसांत पत्र नाही, माफ करा. फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही, आणि पत्राला बसले की ऑफिसचं काहीतरी निघतं. कारण खरं आहे, पुरेसं नाही.

मार्चमध्ये पूर्वीने सोळाव्या वाढदिवसाला साप मागितला. तुमचीच नात! दुकानात दोन रॉयल पायथन होते, बिनविषारी. एक साप पैदा करणाऱ्या ब्रीडरकडे पेटीत जन्मलेला, दुसरा घानाच्या रानातून धरून आणलेला. पूर्वी म्हणाली, पेटीतलाच घेऊया, सगळे तेच सांगतात. मला पटेना. जन्मापासून कैद? आपल्या शिराळ्यात नागपंचमीला शेतातला नाग आणत. पेटीतला कोणी पुजला असता का? ह्याने निदान रान पाहिलंय, असं म्हणत मी दुसरा घ्यायला लावला.

तेव्हापासून तो जेवलेला नाही. सारखा काचेवर नाक घासतो. नाक सोललंय, कणा दिसू लागलाय. व्हेट, म्हणजे प्राण्यांची डॉक्टर, म्हणाली, असंच चाललं तर जगणार नाही. पूर्वी माझ्याशी बोलत नाही, दारं मात्र आपटते. तुम्ही इतके साप धरलेत. काय करू?

लोभ आहेच, तो असाच राहू द्या.
तुमची आसावरी

शिराळा, १९ जून

चि. सौ. आसावरीस अ. उ. आ.

सापवाल्याच्या लेकीने एवढी चूक करावी? अगं, पेटीत जन्मलेला कशाला नाक घासेल? पलीकडे काही आहे हेच त्याला ठाऊक नाही. रान पाहिलेलाच वाट शोधतो. आपण नाग आणायचो ते मडक्यात, वर फडकं बांधून. बाहेरचं दिसायचं नाही. आणि सण झाला की ज्या बांधावर धरला त्याच बांधावर सोडायचो, शेजारच्यासुद्धा नाही. आता धरायलाच बंदी आहे, बरंच झालं. तू त्याला परत पाठव.

जमत नसेल तर काच झाक. आणि त्याच्या गावचं खाणं शोध. तू तिकडे गेलीस तेव्हा वर्षभर ज्वारीचं पीठ मागितल्याशिवाय तुझं एक पत्र आलं नाही. तुझी आई हसायची आणि पिठाला पिशवी शिवायची.

तुझ्या खोलीत अजून काही ठेवलेलं नाही. पंचमीला येतेस का? नाही आलीस तरी रागावणार नाही, असं लिहितो आहे.

लोभ मागायचा नसतो, उत्तर मागतो.
आबा

ब्रिस्टल, ७ जुलै

ती. आबांना शि. सा. न. वि. वि.

नियम मला पाठ होता, तरी विसरले. दुकानदाराला विचारलं, नक्की कुठून धरला? घानापलीकडे त्यालाही ठाऊक नाही. कुठला बांध, आबा? शिवाय इथल्या पेट्यांमधला एखादा रोग तो तिकडच्या सापांना नेऊन देईल, असं व्हेट म्हणाली. दुकानात परत दिला तर दुसऱ्याच्या काचेवर नाक घासेल. म्हणून तो आमच्याकडेच राहणार.

पूर्वीने तुमचं पत्र मागून घेतलं, अडखळत मोठ्याने वाचलं. पिठाच्या पिशवीपाशी हसली. तिकडे हे साप रानातले उंदीर खातात, इथे मिळणाऱ्यांत जर्बिल नावाचा छोटा उंदीर त्यातल्या त्यात जवळचा, असं शोधून तिने फ्रोझन मागवले. काल चिमट्याने एक पुढे धरला. त्याने कितीतरी वेळ जिभेने वास घेतला. तोंड लावलं नाही. पण पहिल्यांदाच काचेकडून मान वळवली.

पंचमीला रजा मिळत नाही. दिवाळीत येते, असं लिहिणार होते. पण ज्याची खात्री नाही ते लिहून तुम्हाला दारात का उभं करू? माझ्या खोलीत मात्र अजून काही ठेवू नका.

रागावलात तरी चालेल, लोभ कमी करू नका.
आसावरी

ता. क. उद्याचं काम: काचेला बाहेरून जाड कागद लावणे, खिडकीकडच्या बाजूला आधी.