गाडीखालचा पेपर

बाबा, पेपर ओला होता. आधी हे लिहून टाकते, नाहीतर इकडच्यातिकडच्या गप्पांत चार पानं भरतील आणि मुद्दा राहील बाजूला. तुम्ही होतात तोवर तोंडाला कुलूप, आणि तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाल्यावर मी लिहायला बसलेय. याला काय म्हणायचं!

चंदनसारला राहायला आल्यावर तुम्ही ती जुनी पांढरी गाडी घेतलीत. आई म्हणाली, "म्हातारपणी सवत आणली." गिरणीत तीस वर्षं फिटर म्हणून राबलेले तुमचे हात घरी बसून शिवशिवत होते. दर रविवारी तुम्ही बिल्डिंगखाली बॉनेट उघडून वाकलेले, आणि मी चहा घेऊन खाली. "यंत्र खोटं बोलत नाही, ऐकणारा चुकतो," हे तुमचं पालुपद. त्या मार्चमध्ये गाडीला दोन दुखणी एकदम जडली. सुरू केली की पंख्याचा पट्टा असा किंचाळायचा की वरच्या काकू खिडकी आपटायच्या; आणि रेडिएटरमधलं पाणी रोज थोडं कमी. तुम्ही रबरी नळ्या दाबून पाहिल्यात, क्लिपा आवळल्यात, आईकडे चमचाभर हळद मागितलीत. "अगं बाई, कुठं लागलं?" "मला नाही, गाडीला." हळदीनं बारीक भोक बुजतं म्हणे. शनिवारी संध्याकाळी तुम्ही पंख्याचं पातं धरून हलवलंत, मग माझा हात तिथं ठेवलात. किंचित डुगडुगत होतं. "दोन दुखणी नाहीत ही, एकच असणार. पाण्याचा पंप. तिथूनच गळतं, तेच पट्ट्यावर उडतं आणि पट्टा घसरतो." तरी खात्री हवी म्हणून सगळं फडक्यानं कोरडं पुसलंत आणि बरोबर पंपाखाली पेपर अंथरलात. "सकाळी कोरडा निघाला तर हळदीनं काम केलं. ओला निघाला तर आधी पंप बदलायचा, जव्हारला पुढच्या रविवारी जाऊ."

पुढच्या रविवारी! जव्हारला त्याचे आईवडील आमची वाट बघत होते. माझ्याच ऑफिसातला मुलगा, मीच पसंत केलेला. भेट आधीच एकदा तुमच्या तापामुळं रद्द झाली होती. "मुलीकडच्यांना फारशी गरज दिसत नाही," हे त्याच्या आईचं बोलणं माझ्या कानावर आलं होतं आणि जिव्हारी लागलं होतं. आईला एसटी लागायची, म्हणजे तीही वाट बंद. मी अठ्ठावीस वर्षांची होते, बाबा. मला वाटलं, आता नाही तर कधीच नाही.

रविवारी सकाळी दूध आणायच्या निमित्तानं मी तुमच्या आधी खाली उतरते. पेपरवर भाकरीएवढा ओला डाग, हळदीनं पिवळा, तुम्ही बोट ठेवलं होतं तिथंच. तुमचं निदान शंभर टक्के खरं. मी तो पेपर चुरगळून कचऱ्यात टाकते, रद्दीतला दुसरा अंथरते. रेडिएटर काठोकाठ भरते. समोरच्या रिक्षावाल्यानं मागं कधी सांगितलेलं असतं, "पट्ट्याला साबन घासा ताई, दोन दिस गप." तेही करते. हात धुताना मला स्वतःचं कौतुक वाटलं होतं, हे आठवून आजही लाज वाटते. तुम्ही खाली आलात, पेपरवर तळवा फिरवलात, रेडिएटरमध्ये डोकावलात, गाडी सुरू केलीत. चूं नाही. "बघ, उगीच घाबरलो मी," म्हणून माझ्याकडे बघून हसलात.

मनोर मागं पडेपर्यंत गाडी गपगार चालली. मला ती शांतता सोसवत नव्हती. मागच्या सीटवरून मला इंजिनाच्या तापमानाचा काटा दिसत होता, हळूहळू वर सरकणारा. घाट लागला. पुढच्या वळणावर सांगते, मनात म्हणाले, वळण गेलं. मग त्याच्या पुढच्या वळणावर. तुम्ही काचेवर टिचकी मारलीत. "पाणी काठोकाठ, पेपर कोरडा. हा काटाच बिघडलाय." बरोबरच होतं तुमचं गणित, आकडे मी बदलले होते. मग गाडीत शिजलेल्या हळदीचा वास भरला. आई म्हणाली, "कुठंतरी जेवण चाललंय वाटतं." आणि पुढून वाफ उसळली.

तुम्ही गाडी थांबवलीत, थोडा वेळ थांबलात, झाकणावर फडकं टाकलंत. "पाणी आहे पुरेसं, एवढं तापायचं कारणच नाही." मी दोन हात अंतरावर उभी होते. उघडू नका, एवढंच म्हणायचं होतं. तुमचं ओरडणं मी त्याआधी कधी ऐकलं नव्हतं.

उजवा हात कोपरापर्यंत भाजला. दवाखान्यात आधी धावत आली ती जव्हारची माणसं, आणि त्याची आई रात्रभर आईपाशी बसून होती. तिला एक रविवार मागितला असता तर तिनं दहा दिले असते. लग्न ठरलं, पण तुमची बोटं आखडली ती आखडलीच. गाडी विकलीत. त्याहून वाईट म्हणजे तुम्ही ऐकणंच सोडून दिलंत. मिक्सर घरघरला, पंखा कुरकुरला, की म्हणायचात, "मेकॅनिकला बोलवा. मला आता कळत नाही." तुम्हाला सगळं कळत होतं, बाबा. आई हल्ली माझ्याकडेच असते, अजून म्हणते, "एवढा फिटर माणूस, शेवटी चुकलाच." आणि मी भाजी निवडत राहते. हा कागद तिच्याही हाती लागू देणार नाही. इतकी वर्षं गेली, तरी धीर होत नाही.

लग्नाच्या आदल्या संध्याकाळी तुम्ही मला गॅलरीत बोलावलंत. डावा हात माझ्या डोक्यावर ठेवून म्हणालात, "पोरी, माझा अंदाज चुकला. तुझ्या महत्त्वाच्या दिवशी तुला तोंडघशी पाडलं. मला माफ कर." तेव्हा तरी सांगायचं होतं. मी तुमचा हात हातात घेतला आणि म्हणाले, "जाऊ द्या बाबा, मी कधीच माफ केलंय."