कानातला कापूस

उस्ताद, अक्षर असं वाकडं येतंय. चौथीनंतर मी फारसं काही लिहिलेलं नाही, आणि तुम्हाला तर मराठी वाचताच येत नव्हतं. तरी हे तुम्हालाच लिहितोय, कारण रविवारी दुपारी जे झालं ते दुसऱ्या कुणाला सांगायला गेलो तर तो पहिल्या वाक्यालाच हसेल. तुम्हीही हसाल, पण हसून झाल्यावर पुढचं ऐकून घ्याल. घरात मुलगा आहे, सून आहे, दोघं रोज विचारतात, आता बरं वाटतंय का. मी हो म्हणतो. बरं वाटत नाही. घास हातातच राहतो आणि डोळ्यांपुढं ती हिरवी पट्टी येते, काठोकाठ भरलेली.

पट्टी कसली ते आधी सांगायला पाहिजे. तुम्ही मला डरपोक्या म्हणायचात, तो डरपोकपणा वयाबरोबर वाढत गेला. बायको गेल्यापासून तर फारच. गॅस बंद केलाय का ते मी पुन्हापुन्हा बघतो. सून सात रस्ता चौकातल्या ऑफिसातून स्कुटीवरून येते. तिला जरा उशीर झाला की मी शुक्रवार पेठेतल्या आमच्या बोळाच्या तोंडाशी जाऊन उभा राहतो. एकदा ती वैतागून म्हणाली, "मामा, तुमी रस्त्याकडं बघितलं म्हणून माझी गाडी लवकर येती का? त्यापेक्षा हितं बसा. हितं काळजी केली तर कुणाचं तरी भलं तरी होतंय." आणि तिनं मला स्वतःच्या कॉम्प्युटरपुढं बसवलं, कानावर हेडफोन चढवला. तो तिचा खेळ होता. तिचं मनगट दुखायला लागल्यापासून तिची जागा रिकामी होती, ती मला मिळाली.

खेळ असा, की वीस माणसं वीस गावांतून आपापल्या घरी बसतात आणि पडद्यावर सगळी मिळून एका राक्षसाशी लढतात. त्या लढाईला रेड म्हणतात आणि त्या वीस जणांच्या मंडळाला गिल्ड. एक जण ढाल घेऊन राक्षसाच्या तोंडापुढं उभा राहतो आणि सगळा मार खातो. बाकीचे मारतात. मी मारत नाही. मी हीलर, म्हणजे वैद्य. माझ्यापुढं वीस पट्ट्या असतात, प्रत्येक माणसाची एक. कुणाला मार बसला की त्याची पट्टी रिकामी होत जाते, मी बटण दाबतो आणि ती परत हिरवी भरते. एवढंच माझं काम. पण उस्ताद, हे काम मला पहिल्या आठवड्यातच जमलं. मला वाटतं ते तुमच्यामुळं. कारखान्यात तुमच्या हाताखाली चार मागांमध्ये उभं राहून कुठला धागा तुटायला आलाय ते बघायची सवय, तीच ही. आमची म्होरकी कोल्हापूरची एक पोरगी आहे, आवाज असा की मागाच्या कारखान्यातही ऐकू जावा. ती सगळ्यांना सांगते, "आमचं आजोबा जखम व्हायच्या आधीच मलम लावत्यात."

ढालवाला नाशिकचा. चाळिशीचा असेल, घरी मुलांच्या शिकवण्या घेतो, एकटा राहतो. त्याचा माइक कायम उघडा. त्यातून अडकित्त्याचा कट्ट असा आवाज यायचा, आणि त्याचा टेबलफॅन जाळीला घासायचा, टक टक टक टक. सगळे कावलेले. "अरे, तो पंखा तरी फेक, नाहीतर सुपारी तरी सोड," म्होरकी ओरडायची. तो म्हणायचा, "दोन्ही सोडलं तर घरात बोलायला कोण राहील?" शेवटी एकेकानं आपापल्या कॉम्प्युटरवर त्याचा आवाज बंद करून टाकला. खेळात तशी सोय आहे, एखाद्या माणसाचा आवाज आपल्यापुरता बंद करता येतो. सुनेनं मलाही विचारलं, "तुमच्याकडंबी त्याचा आवाज बंद करून देऊ का? डोकं उठत आसंल." मी म्हटलं, नको. राहू दे.

का नको म्हटलं ते तुम्हाला सांगायची गरज नाही. पण सांगतो.

मी वैराग गावाकडून कारखान्यात नवा नवा आलेलो. कारखान्यातल्या आवाजानं पहिल्या दिवशी मला रडूच आलं होतं. दुसऱ्या दिवशी मी सुताच्या ढिगातून कापूस काढून दोन्ही कानांत कोंबला. मग काय, सुख. माग पळतोय, आडवा धागा नेणारा धोटा इकडून तिकडं उडतोय, मी ऐटीत उभा. तुम्ही मागून येता. माझ्या दोन्ही कानांतला कापूस बोटानं उपसून काढता आणि माझ्या तोंडासमोर धरता. "क्या रे, कान में कपूस भर को माग चलाता तू? कपडा किधर है, बता." मी बघतो तर कापड नाहीच. धोट्यातल्या कांडीवरचा धागा कधीच संपलेला, धोटा रिकाम्या कांडीनिशी नुसता वारा वाहतोय, आणि उभे धागे तसेच्या तसे उघडे. धागा संपला की माग आपोआप थांबायला पाहिजे, पण त्या मागाची थांबवणारी काडीच झिजलेली होती. "चल्रा, चल्रा, बोल को खूश होता तू," तुम्ही म्हणालात. "चलना अलग, बुनना अलग. भरी कांडी का आवाज भारी रहता, खाली का पोला. आँख फसाती रे. माग कान से देखते." आणि तो कापूस तुम्ही स्वतःच्या सदऱ्याच्या खिशात टाकलात, जसा काही तो जप्त केला. दुपारी मात्र स्वतःच्या डब्यातली अर्धी रोटी माझ्यापुढं सरकवलीत. "खा. डरनेवाले को भूक जादा लगती."

तर रविवार. दुपारचं ऊन असं की पत्र्यावर पापड भाजावेत. सून खाली स्वयंपाकघरात शेंगा कुटत होती. आमची लढाई रंगात आली होती, तीन तोंडांचा राक्षस, आजवर तो आमच्याकडून कधी पडला नव्हता, आणि त्या दिवशी पडायला आलेला. माझ्या कानात म्होरकीचा आवाज, बाकीच्यांचा गोंगाट, आणि तळाशी ढालवाल्याचा पंखा, टक टक. कट्ट. टक टक. मग काहीतरी पडलं. स्टीलचं भांडं फरशीवर पडावं तसं, आणि त्याच्या मागोमाग काहीतरी जड. मग नुसती टक टक.

मी बटण दाबत राहिलो, उस्ताद. हेच मला सहन होत नाही. ढालवाला पडद्यावर उभा होता, ढाल पुढं धरून, राक्षस त्याला मारत होता, पट्टी उतरत होती आणि मी भरत होतो. उतरली, भरली. उतरली, भरली. किती वेळ ते मला माहीत नाही. कट्ट परत आलं नाही. पंख्याचा आवाज तोच, पण पोकळ. त्यात माणूस नव्हता.

मी म्हटलं, "अगं, थांबा. ढालवाला पडलाय."

"कुटं पडलाय? उभा हाय की!" म्होरकी ओरडली. "पट्टी फुल्ल हाय त्याची. आजोबा, हात थांबवू नगा!"

"खेळात न्हाय गं. घरात. त्याच्या घरात पडलाय त्यो."

कुणीतरी हसलं. "झालं आजोबांचं सुरू." त्यांचंही चुकलं नाही. मागच्या महिन्यात असाच एक जण गप्प झाला म्हणून मी सगळ्यांचा जीव खाल्ला होता, आणि तो गॅसची टाकी घ्यायला दारात गेला होता. "तो हलत नाही कारण इथं हलायचं नसतंच," दुसरा कुणी म्हणाला. "उगाच घाबरवू नका, आता संपतंच आलंय."

मी परत सांगितलं. परत. माझा आवाज चिरकायला लागला, मला स्वतःचीच लाज वाटली. मनात आलं, खरंच असेल का? की आपलं नेहमीचंच? पट्टी तर हिरवी आहे. काठोकाठ हिरवी आहे. आणि मग मला तुमचं ते बोट दिसलं, कापूस धरलेलं.

मी दोन्ही हात उचलले आणि मांडीवर ठेवले.

पडद्यावर आधी ढालवाला गेला. मग राक्षस बाकीच्यांकडं वळला. पट्ट्या अशा विझत गेल्या जशी वीज गेल्यावर गल्ली विझते. सगळ्यांनी मला हाका मारल्या, मग शिव्या दिल्या, एकानं तर आईवरून. मी बघत बसलो. माझे हात मांडीवर उड्या मारत होते, आणि ते मी दाबून धरले होते. खेळच तो, मला कळतं. पण मी नुसता बघत बसलो म्हणून आजवर कधी कुणी मेलं नव्हतं. सगळे मेले. शिव्या संपल्या आणि एकदम शांत झालं. मेलेल्यांना काही काम नसतं.

तेव्हा मी म्हटलं, "आता त्याचा आवाज उघडा. तुमी सगळ्यांनी बंद केलाय. उघडा आनि ऐका."

टक टक टक टक. आणि पंख्याच्या खाली, फरशीच्या बाजूनं, घरघर. कुणीतरी चिखलातून पाय ओढावा तशी.

"आई गं," म्होरकी म्हणाली. ती पोरगी तेवढंच म्हणाली, आणि तिचा तो कारखान्यासारखा आवाज एवढा बारीक झाला होता की ओळखू येईना.

मी सुनेला हाक मारली. ती मुसळ हातात घेऊनच वर आली. नाव माहीत, गाव माहीत, पण फोन करायचा कुणाला? एकटा माणूस. आणि मग तिनंच कपाळावर हात मारला. दिवाळीला आम्ही ढालवाल्याला शेंगाची चटणी पाठवली होती. तेव्हा मी तिच्या मागं लागलो होतो, अगं, पार्सल आलं आनि त्यो घरात नसला तर? शेजारच्यांचा नंबर घे की. ती म्हणाली होती, "मामा, चटणी हाय, सोनं न्हाय." पण घेतला होता. खालच्या मजल्यावरच्या काकूंचा नंबर. सुनेच्या फोनमध्ये तो अजून होता, ‘चटणी नाशिक’ या नावानं.

काकूंनी उचलला. सून बोलत होती आणि मी हेडफोन काढला नाही. आधी दार वाजलं, लांबून. मग हाका. मग दार फुटल्याचा आवाज, आणि एका बाईचा, "अहो सर! अहो सर!" आम्ही एकोणीस जण ते ऐकत होतो. मग कुणाचा तरी धक्का लागला असेल, पंखा थांबला. उस्ताद, टक टक थांबली तेव्हा मी ओरडलो, मला वाटलं तो गेला.

गेला नाही. मेंदूत रक्ताची गाठ अडकली होती. एक बाजू हलत नाही, बोलता येत नाही, पण डॉक्टर म्हणाले वेळेत आणला. काल काकूंनी फोन त्याच्या कानाला लावला आणि मला म्हणाल्या, बोला. इतके दिवस काय काय बोलायचं ठरवलं होतं, आणि तोंडातून निघालं, "पंखा दुरुस्त करू नका हं." पलीकडून घशातून एक आवाज आला. काकू म्हणाल्या, हसले सर.

सगळे आता मला चांगलं म्हणतात. म्होरकी रडून माफी मागून गेली, ज्यानं आईवरून शिवी दिली त्यानं तर फोन करून स्वतःच्या आईला माझ्याशी बोलायला लावलं. पण मी परत खेळायला बसलेलो नाही. पट्टी हिरवी दिसली की मला भीती वाटते. किती माणसं असतील, उस्ताद, जी पडद्यावर उभी दिसतात आणि घरात पडलेली असतात. मुलगा रोज ऑफिसातून येतो, जेवतो, "सगळं ठीक," म्हणतो. मी त्याच्या ताटाकडं बघायचो. आता त्याचा आवाज ऐकतो. सून म्हणते, मामा, ह्यांच्याकडं असं काय बघत बसताय. मी बघत नसतो.

तुमची शेवटची भेट आठवते. तुमचे दोन्ही कान तोपर्यंत पुरते गेले होते, आयुष्यभर उघड्या कानांनी मागात उभे राहिलात त्याची ती मजुरी. मी तुमच्या खाटेशी बसून बोलत होतो, तुम्ही माझ्या ओठांकडं बघत होता. मग एकदम घाबरून विचारलंत, "कैकू रे, सारे माग बंद हैं?" कारखाना तेव्हा चालू होता, भिंतीपलीकडंच. मी म्हटलं, "हौ उस्ताद, आज छुट्टी है." तुम्ही डोळे मिटलेत.

हे पत्र मी कुठं टाकणार? घडी करून चटणीच्या रिकाम्या डब्यात ठेवीन. तुम्हाला वाचता येत नव्हतं ते एका अर्थी बरंच आहे, कारण एक गोष्ट आजवर बोललो नाही. तुम्ही कापूस काढलात त्या दिवसापासून डाव्या कानात मी कधी काही घातलं नाही, तुमची शपथ. तो कान आता ठार बहिरा आहे. पण तुम्ही कायम माझ्या डाव्या बाजूला उभे राहायचात. उजव्या कानात मी रोज कापूस घालत होतो, अगदी थोडा, दिसणार नाही एवढा. ढालवाला पडला तो मला उजव्या कानानं ऐकू आला.