पहिली तीन मिनिटं

सोमवार, ४
पोहोचलो एकदाचे! टेम्पोवाल्याने कपाट उलटं उतरवलं, त्यावरून आईने त्याला असं झापलं की बिचारा दोनदा सॉरी म्हणाला. माझ्या जन्माआधीच तिचे कान गेले; स्वतःला ऐकू येत नाही म्हणून समोरच्यालाही येत नसावं असं समजून ती बोलते. कॉलेजने दिलेलं घर ऐसपैस आहे. खाली स्वयंपाकघर, वर दोन खोल्या, मधे लाकडी जिना. आईची कॉट खिडकीशी लावायची की भिंतीशी, यावर चहा होईपर्यंत भांडलो. अर्थातच खिडकीशी लागली. एक्केचाळिसाव्या वर्षी मला पहिल्यांदा कायमची नोकरी मिळालीय, तीही सिनेमा शिकवायची. आज मी कुणाचाही हेवा करणार नाही.

बुधवार, ६
आमच्या विभागप्रमुखांना सगळे नुसतं 'सर' म्हणतात. साठीला टेकलेले, आवाज मऊ, समोरच्याचं बोलणं संपेपर्यंत पापणी हलत नाही. पहिल्या वर्षाचा पहिला धडा म्हणे वीस वर्षं ठरलेला आहे: एका थरारपटाचा सुरुवातीचा प्रसंग. सिनेमा सरांचाच, अपुरा राहिलेला. एवढी तीन मिनिटंच आहेत. त्यातलं तंत्र मुलांना उलगडून दाखवायचं.

आणि काय प्रसंग आहे! एक तरुणी घरी येते, पिशवी ठेवते, घोटभर पाणी पिते, जिना चढू लागते. कॅमेरा हातात धरलेला, तिच्या पाठीमागे, एकही कट नाही. उजेड फक्त वरच्या खिडकीतून, त्यामुळे जिना तिला गिळतोय असं वाटतं. संगीत नाही, नुसता श्वास. शेवटच्या पायरीवर ती वळते, थेट आपल्याकडे बघते, आणि काळोख. मी फळ्यावर लिहिलं: 'आपण तिला बघत नाही, आपण तिच्या मागावर असतो.' चौदाच्या चौदा मुलांनी ते वहीत उतरवलं. मागच्या बाकावर बसलेल्या सरांनी मान डोलावली. मी दिवसभर हवेत होते.

शुक्रवार, ८
एक चूक झाली. तो श्वास नायिकेचा, असं मी वर्गात सांगितलं होतं. आज हेडफोन लावून ऐकलं. तिचे खांदे वेगळ्या लयीत हलतात. श्वास कॅमेरा धरणाऱ्याचा आहे, आणि पायरीगणिक वाढत जातो, तोही दम लागल्यासारखा नाही. आनंद झाल्यासारखा.

आणखी एक. वळल्यावर तिचे ओठ हलतात, पण ध्वनिपट्टीवर शब्द नाहीत, पुसलेत. आईमुळे मला लहानपणापासून ओठ वाचता येतात. चार वेळा बघितलं. ती म्हणते, "दादा, पुरे आता."

शनिवार, ९
कॅमेरे सांभाळणाऱ्या लॅबवाल्या काकांना विचारलं. ते आधी म्हणाले, जुन्या गोष्टी कशाला उकरायच्या. मग खाली बघत सांगितलं: ती सरांची धाकटी बहीण. शूटिंगच्या दिवशीच त्या जिन्यावरून पडली आणि गेली. अपघाताची नोंद झाली, सिनेमा थांबला. घर कुठलं, विचारलं, तर मी थट्टा करतेय असं त्यांना वाटलं. "अहो, तुम्ही राहता तेच की!"

माझ्या आधीच्या मॅडमनीही त्या श्वासाबद्दल विचारलं होतं म्हणे. मग? मग त्या गेल्या. कुठे गेल्या, यावर काका लेन्स पुसत बसले.

घरी आले. रंग बदललाय. कठडा तोच आहे.

सोमवार, ११
संध्याकाळी घरी परतले तर सर स्वयंपाकघरात बसलेले, मांडीवर कॅमेरा. आई खूश. तिच्याकडे तोंड करून, सावकाश बोलणारा माणूस तिला किती दिवसांनी भेटला! तिचे फोटो काढायचेत म्हणाले. मी नसताना येऊ नका, असं मी स्पष्ट सांगितलं. ते हसले. घर कॉलेजचं आहे, एक किल्ली त्यांच्याकडे असतेच, म्हणाले.

आईला बजावलं, दाराला आतून बोल्ट लावत जा. तिच्या मते मी लहानपणापासूनच संशयी. प्राचार्यांना फोन केला. अर्ज लिहून द्या, बघू. काही बघायचं नाही. गुरुवारी पहिल्या बसने मामाकडे. आईला अजून सांगितलेलं नाही. कॉट परत हलवायची म्हटलं की आकांडतांडव करेल.

बुधवार, १३
अकराचा तास. वर्गात प्रसंग लावला. नेहमीचा नव्हता.

तोच जिना. आईची पाठ. राखाडी स्वेटर, कोपराला मी कालच लावलेलं ठिगळ. आई वर चढतेय, कॅमेरा मागे. एक पायरी, एक पायरी. तिला ऐकू येत नाही— मुलं वहीत टिपणं काढत होती. एकीने विचारलं, मॅडम, इथे आवाज मुद्दाम काढलाय का—

धावले.

बोल्ट काढलेला होता. आतून. तिनेच काढला असणार, खिडकीतून त्यांना बघून. आई जिन्याच्या पायथ्याशी. हात पूर्ण गार झाले नव्हते.

शुक्रवार, १५
पोलिसांना फिल्म सरांनीच नेऊन दिली. सोमवारी संध्याकाळी काढली, आजींना विचारून, म्हणाले. ठाण्यातल्या साहेबांनी दोनदा बघितली. ह्यात पडताना कुठे दिसतंय, बाई? वय, बहिरेपण, लाकडी जिना.

मला येतं तेवढं सगळं सांगितलं. उजेड बघा, सकाळचा आहे, खिडकी पूर्वेला. सावली बघा. ठिगळ बघा, ते मंगळवारी लावलं. साहेबांनी विचारलं, मंगळवारी लावलं याला साक्षीदार कोण?

साक्षीदार आई.

उठताना म्हणाले, बाकी फिल्म झकास जमलीय हो, अंगावर काटा आला.

रविवार, १७
मामा सोबत घेऊन जायला आलाय. स्टँडजवळच्या लॉजवर उतरलोय. त्यालाही वाटतं मला धक्का बसलाय. ओठांकडे बघायची गरज नाही, तोंडावर लिहिलंय. झोप घे म्हणतो. डोळे मिटले की पाठ दिसते—

सोमवार, १८
फक्त दोन्ही फिल्मच्या प्रती घ्यायला कॉलेजात आले. वरच्या साहेबांना दाखवीन. बस चारला, मामा स्टँडवर. सोबत येतो म्हणत होता. मीच नको म्हटलं. भर दुपारी काय होणार—

लॅबला कुलूप. काका रजेवर आहेत का, शिपायाला विचारलं. असं कुणी इथे नव्हतंच, म्हणे.

तिसऱ्या मजल्यावर, जिन्याच्या तोंडाशी बसलेय. पायरी उतरवत नाही. लिहिलं की जरा बरं— दुसरा रस्ता नाही. खाली उतरायचं तर इथूनच.

मुलं आली. सगळी. खालच्या पायऱ्यांवर उभी आहेत, प्रत्येकाच्या हातात कॅमेरा. हसतायत. नवा प्रकल्प मिळालाय म्हणे, थरारपटाचा सुरुवातीचा प्रसंग. नायिका मी. कुणी सांगितलं, विचारलं. सरांनी. सर कुठे आहेत, विचारलं. सगळ्यांचे कॅमेरे माझ्यावर— नाही. थोडे वर. माझ्या खांद्याच्या थोडे वर—

पुढच्या मुलीला ओरडून सांगितलं, वाट सोड. ती म्हणाली, "मॅडम, लिहीत राहा ना, मस्त येतंय! आणि मागे नका बघू हं. सर म्हणालेत, मॅडमनी मागे बघितलं की मग