मोडायचा दागिना

आई, संक्रांतीच्या आधी शिळफाट्याच्या बाजारात आपल्या क्वार्टरमधल्या शेजारच्या काकू भेटल्या. तू गेल्यापासून त्यांची माझी गाठ नव्हती. मी वालाच्या शेंगा निवडत होतो, म्हणजे एकेक शेंग उलटीपालटी करून बघत होतो, आणि भाजीवाली वैतागली होती. "घ्या ना दादा, सोयरीक जुळवायची हाय का शेंगेशी?" तेवढ्यात मागून कुणीतरी म्हणालं, "नजर तीच हाय की रं अजून." वळून बघतो तर काकू. केस पांढरे झालेत, पण हसताना पदर तोंडाला लावायची सवय तशीच आहे. त्यांनी तुझी एक गोष्ट सांगितली आणि तेव्हापासून तुला लिहायचं मनात घोळतंय. आज घरात कुणी नाही, म्हणून बसलो.

भिवपुरीच्या क्वार्टरचं ते स्वयंपाकघर मला अजून जसंच्या तसं दिसतं. अण्णा पॉवर हाऊसमध्ये शिफ्टला गेलेले. तू शेगडीपुढे बसलेली, मंद आचेवर परात, परातीत तीळ, आणि तू त्यावर चमचा चमचा पाक सोडत बोटांनी हलवत राहतेस. दुपारपर्यंत तिळांवर काटे फुटायला लागतात. तसा हलवा पुष्कळ बायका करायच्या, पण त्याचे दागिने करावेत तर तूच. नव्या सुनांचे हार, बाजूबंद, बोरन्हाणाच्या बाळांचे मुकुट, बासऱ्या. दर वर्षी तुला नवीन काहीतरी सुचायचंच. कुठून सुचायचं कुणास ठाऊक. एका वर्षी तू बाळाच्या मुकुटावर मोर केलास. ताठ उभा, लांब मानेचा, एकेक दाणा दोऱ्याने पुठ्ठ्यावर गुंफलेला. क्वार्टरमधल्या बायका बघायला आल्या, सगळ्या थक्क. आणि मी, दहा-अकरा वर्षांचा, सगळ्यांसमोर म्हणालो, "आई, हा पडणार. मान बारीक हाय." तू माझ्याकडे न बघताच म्हणालीस, "तुला नं, चांगलं कधी दिसतच नाय. बापाचा मीटर बसवलाय डोळ्यांत." बायका हसल्या. मी बाहेर जाऊन पायरीवर बसलो.

तुझं ते वाक्य तू दुसऱ्या दिवशी विसरली असशील. माझ्यात मात्र ते घर करून राहिलं. पुढे नोकरीही तसलीच लागली बघ. खालापूरच्या एका कारखान्यात मी तयार माल तपासतो. डिझाइन करणारी पोरं उत्साहाने नवा नमुना आणतात आणि मी तो हातात घेऊन सांगतो, इथे तडा जाईल, हा कोपरा झिजेल. त्यांचे चेहरे उतरतात. शुभ बोल नाऱ्या तर म्हणे मांडवाला आग लागली, त्यातला नाऱ्या म्हणजे मीच. कारखान्यात त्याचा पगार मिळतो, ते ठीक. घरी मात्र मी ठरवून टाकलं की तोंड उघडायचं नाही. सुचणारी माणसं वेगळी आणि दोष काढणारी वेगळी, आणि आपण दुसऱ्या जातीचे, तर निदान पहिल्यांच्या वाटेत तरी येऊ नये. बायकोने भिंतीला कुठलाही रंग निवडला की मी म्हणायचो, छान. मुलीने काहीही करून दाखवलं की, छान. मला वाटायचं हीच माया.

तुझी नात तू पाहिली नाहीस. ती तुझ्यावर गेली आहे, हे मी तिला कधी सांगितलं नव्हतं, पण ती बोलायला लागली तेव्हापासून मला माहीत आहे. पनवेलला चांगली नोकरी होती. ती सोडली आणि दोन मैत्रिणींना घेऊन माणसाहून उंच बाहुल्या करायला लागली. बांबूचा सांगाडा, त्यावर जुनी लुगडी, कागदाच्या लगद्याचं डोकं. आत एकीने शिरायचं आणि बाहुली चालवायची. कर्जतच्या आतल्या गावांत शाळाशाळांतून खेळ करायचा बेत. आमची पुढची खोली म्हणजे बाहुल्यांचा दवाखाना झाला होता. त्यातली म्हातारीची बाहुली मुख्य. हंड्याएवढं डोकं, तेही एका बांबूच्या टोकावर, आणि त्या बांबूला मधोमध भोक पाडून, खिळा मारून तो सांगाड्याला अडकवलेला. मी पहिल्याच दिवशी बघितलं, हा चिरणार. बांबूला भोक पाडलं की तो उभा चिरत जातो, हे तर आपल्याकडे कुंपण घालणाऱ्यालाही ठाऊक असतं. पहिला खेळ चौक गावाच्या पलीकडच्या एका शाळेत, आणि पोरं अगदी पुढ्यात मांडी घालून बसणार. तिने विचारलं, "कशी वाटली?" मी म्हणालो, छान. ती म्हणाली, "पप्पा, तुमचं छान म्हणजे दार लावून घेतल्यासारखं वाटतं. तुम्हाला हे सगळं आवडतच नाही ना? सरळ सांगा, मी नाही दाखवणार यापुढे." आणि खरंच तिने दाखवणं बंद केलं. मी आलो की खोलीच्या दारावर चादर ओढली जायची. मला झोप लागेना. बोललो तर तिचं मन मोडतंय, न बोललो तर कुणाच्या तरी पोराच्या डोक्यात ते हंड्याएवढं डोकं पडतंय. असा आठवडा गेला आणि काकू भेटल्या.

बाजारात एका टपरीवर हलव्याचे दागिने लटकत होते. काकूंनी एक मुकुट उचलून माझ्या हातात दिला. "बघ, पास करतोस का?" मला काही कळेना. त्या म्हणाल्या, "असा काय बघतोस? तुझी आई दर वर्षी पयला दागिना तुज्या हातात द्यायची ना? मोडून दाखव म्हनून?" ते मला आठवत होतं. मोराच्या पुढच्या वर्षापासून तू पहिला तुकडा माझ्यापुढे टाकायचीस, "घे रं, मोडून बघ." मी ओढायचो, झटकायचो, कुठून सुटतो ते सांगायचो आणि मोडलेला हलवा खाऊन टाकायचो. मला वाटायचं, पोर पायांत येऊ नये म्हणून बिघडलेला तुकडा दिलाय. तुला चिडवायचं असेल, असंही वाटायचं. काकू म्हणाल्या, "बिघडलेला? अरे, तो पयला, चांगला केलेला असायचा. मी एकदा तिला म्हटलं, अगं, पोर नुसतं मोडतंय नि खातंय, कशाला देतेस? तर म्हनली, माज्या पोराकडनं पास झाल्याबिगर दागिना घराभाईर जात नाय. मला नुसतं सुचतं गं. ते टिकंल का नाय, ते त्याला दिसतं." मी मुकुट हातात धरून उभा. काकू हसत म्हणाल्या, "आनि त्या मोराची मान पडनार म्हनलास, म्हनून तर तिनं पुढं मान मागं वळवलेला मोर केला. पाठीवर चोच टेकवलेला. आख्ख्या कर्जतात त्या मोराला मागनी होती. तुला म्हायत नाय?" नव्हतं माहीत. मान मागे वळवलेला मोर मला आठवत होता, पण तो माझ्या बोलण्यातून निघाला असेल असं कधी मनातही आलं नाही. बाजारात, भर सकाळी, शेंगांची पिशवी हातात घेऊन मला रडू आलं, आई. काकूंनी पदर पुढे केला तेव्हा लाज वाटली आणि बरंही वाटलं.

एक विचारू का? हे मला का नाही सांगितलंस? जगाला सांगितलंस, काकूंना सांगितलंस, मला तेवढं नाही. मग वाटतं, तू तर दर वर्षी सांगत होतीस. पहिला दागिना माझ्या हातात देऊन सांगत होतीस. मलाच ते ऐकू आलं नाही.

घरी आलो. दारावर चादर होतीच. मी बाहेरूनच म्हणालो, "त्या म्हातारीची मान मोडणार आहे." मग चादर बाजूला झाली. "काय म्हणालात?" मी आत गेलो, बांबूवर बोट ठेवलं आणि सांगितलं, भोक इथे पाडलंयस, चीर इथून खाली जाईल, चारदा मान हलवलीस की संपलं. मला वाटलं आता आरडाओरडा होणार. ती खाली वाकून बघत राहिली. नखाने बांबू चाचपला. खरंच बारीक चीर गेलेली होती. "आणि हे तुम्हाला कधी दिसलं?" "पहिल्या दिवशी." "मग बोलला का नाहीत?" मी म्हणालो, "तुला वाईट वाटेल म्हणून." ती कपाळावर हात मारून म्हणाली, "पप्पा, मला वाईट कशाचं वाटत होतं ते कळतंय का तुम्हाला? मला वाटलं तुम्ही नीट बघतसुद्धा नाही." मग तिने विचारलं, "आता काय करू?" मी खरं ते सांगितलं, "ते मला नाही माहीत गं. मोडणार कुठे एवढंच मला दिसतं." ती जमिनीवर बसली, गुडघ्यांना मिठी मारून, आणि एकदम म्हणाली, "मान नकोच." मला कळलं नाही. ती उठून स्वतःच कमरेत वाकून खोलीभर चालायला लागली, डोकं पुढे लोंबत. "म्हातारी वाकलेलीच असते. पाठीवर कुबड काढू, कुबडातून वेत वाकवून पुढे आणू आणि डोकं त्याला वरून टांगू. चालताना आपोआप डुलेल." मी विचारलं, "दोरी तुटली तर?" "दुसरी बांधू." "गाठ सुटली तर?" ती हसायला लागली. "विचारा अजून, विचारा." दुपारभर मी शंका काढत होतो आणि ती त्यातून काहीतरी वेगळंच काढत होती. आम्ही जेवायचंही विसरलो. माझ्या शंका कुणाला अशा कामाला येताना मी जन्मात पाहिलं नव्हतं. मला एकट्याला ते कुबड शंभर वर्षांत सुचलं नसतं. तिला ती चीर दिसली नसती. एवढं साधं होतं ते, आणि मी पन्नाशी उलटेपर्यंत तोंड शिवून बसलो होतो.

खेळ छान झाला. आता हा छान खरा आहे. शाळेच्या पडवीत पोरं दाटीवाटीने बसली होती. म्हातारी आली ती डोकं डुलवत, कुणाला हो म्हणत, कुणाला नाही म्हणत. पुढची एक बारकी मुलगी ओरडली, "ए, तिला ऐकू येतं, ती मान हलवते." मग प्रत्येकाला म्हातारीला काहीतरी विचारायचं होतं. उंच मानेची म्हातारी नुसती मोठी दिसली असती. ही त्यांच्या घरातली वाटत होती. खेळ संपल्यावर तुझ्या नातीने मैत्रिणींना सांगितलं, "हे माझे पप्पा. आपल्याकडची प्रत्येक बाहुली आधी यांच्याकडे जाते." मी चपला शोधत असल्याचं नाटक केलं. येताना टेंपोत मागे बाहुल्यांच्या शेजारी बसलो, आणि किती वर्षांनी कुणास ठाऊक, छातीवरचा भार उतरल्यासारखं वाटलं.

आता ज्यासाठी हे लिहायला बसलो ते सांगतो. ताकाला जाऊन भांडं लपवण्यात अर्थ नाही. आई, मला एक कल्पना सुचली आहे. मला. कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत सुचली आणि मी घास हातात धरून तसाच बसून राहिलो. एक बाहुला, जो खेळात मधेच मुद्दाम कोलमडून पडतो. हात एकीकडे, पाय एकीकडे. मग पोरांनी उठायचं, एकेक तुकडा आणायचा आणि त्याला पुन्हा उभा करायचा. कागदावर त्याचं चित्रही काढलंय. चित्र म्हणजे काय, झाडूला हात फुटल्यासारखं दिसतंय. त्यात कायकाय चुकेल ते मला आत्ताच दिसतंय, सांधे, वजन, पोरांची ओढाताण, सगळं. तिला आणखीही दिसेल. ती आणि तिची आई बाजारात गेल्या आहेत, इतक्यात येतील. कागद घडी करून शर्टाच्या खिशात ठेवलाय, दोनदा बाहेर काढून परत ठेवलाय. ती तो हातात घेईल, थोडा वेळ काहीच बोलणार नाही, आणि तेवढ्या वेळाची मला खरोखर भीती वाटते आहे गं.