गच्चीवरचा फोम

५ मार्च, चियांग माई
आजपासून सिगारेट बंद. कायमची. बायको, पिमपन, पोटुशी आहे आणि काल तिच्या आईकडे शेजारच्या लाम्फूनला निघून गेली. म्हणाली, एप्रिलमधल्या सोंगक्रानच्या, म्हणजे नववर्षाच्या सणापर्यंत सिगारेट सुटली तर घरी येईन, नाहीतर बाळंतपण तिकडेच आणि पुढचंही तिकडेच. म्हटलं, त्यात काय.

९ मार्च
डोंगरातलं जंगल पेटलंय. शहरभर धूर. या हवेत नुसता श्वास घेतला तरी फुकटची सिगारेट होते, मग विकतची एक ओढल्याने काय फरक पडणार? शास्त्रीयदृष्ट्या शून्य. एकच ओढली. विद्यापीठात मी शिकवतो त्या रसायनशास्त्र विभागाच्या गच्चीवर, हवेचे नमुने घेणाऱ्या पंपाच्या आडोशाला.

१० मार्च, सकाळी
अंथरुणातच घाम फुटला. पंप हवा ओढतो. धुराचे कण वरच्या फिल्टरवर बसतात, वायू खालच्या फोममध्ये अडकतो. आणि फिल्टर नि फोम दोन्ही विभागाच्या प्रयोगशाळेत मशीनवर तपासते कोण? पिमपन.
दुपारी
उगाच घाबरलो. सिगारेटचा धूर म्हणजे कण. फिल्टर काढून कोरा बसवला. पीएचडी काय उगाच केली? कुठला पदार्थ कणावर बसतो नि कुठला वायूतच राहतो, यावर एक धडा आहे खरा, पण पोर्शन पुरा होत नाही म्हणून तो मी दरवर्षी गाळतो.

२२ मार्च
दिवसाला तीनवर आणली. म्हणजे सुटल्यातच जमा. पिमपनचा फोन. ओढतोस का, म्हणाली. छे, म्हटलं. बरं वाटलं म्हणाली, आणि उद्यापासून लाम्फूनहून येऊन-जाऊन गच्चीचे नमुने तपासायला घेतेय म्हणाली. घे की, म्हटलं. आता फिल्टर न चुकता बदलतो.

१० एप्रिल
विभागाची बैठक. प्रमुख आचान, म्हणजे प्राध्यापक, वन्नी चक्रावलेल्या. अख्खं शहर खोकतंय, आपले फिल्टर मात्र पांढरेशुभ्र, आणि फोममध्ये निकोटिनच निकोटिन. मी तिथल्या तिथे सिद्धांत मांडला: कुठेतरी तंबाखूची शेतं जळत असणार. बाईंवर छाप पडली. मग पिमपन शांतपणे म्हणाली, निकोटिन बहुतेक वायूतच असतं, ते फिल्टरवर थांबत नाही. आणि हे शेतकरी फक्त मंगळवारी-शुक्रवारीच कसे जाळतात?
मंगळवार-शुक्रवार गच्चीची पाळी माझी. कोणी हसलं नाही. तेच जास्त लागलं.

१३ एप्रिल, सोंगक्रान, लाम्फून
सणाच्या रीतीप्रमाणे सासूबाईंच्या हातांवर सुगंधी पाणी ओतून क्षमा मागितली. त्यांनी तोंडभर आशीर्वाद दिला. मला वाटलं, सुटलो. पिमपनला म्हटलं, आजपासून खरंच बंद. ती म्हणाली, मला नको सांगूस, बाळाला सांग.
पोटाशी वाकलो. बोलायचं तर श्वास सोडावा लागणार होता, आणि शेवटची बसस्टँडवरच ओढली होती. श्वास रोखून तसाच वाकून राहिलो.